न संपणारा संसर्ग आणि टी पेशींचं इंधन : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र आलं आणि रक्तपेढीकडून निरोगी दात्यांचे बफी कोट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे थर) मिळायचंही पक्कं झालं. लॅबची वही इंग्रजीत भरावी लागतेच. या नोंदी तिच्या जोडीला, ज्यांनी बारावीपर्यंत जीवशास्त्र वाचलंय आणि हे काम नेमकं काय आहे हे ज्यांना समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी.

प्रश्न असा आहे: विषाणू शरीरातून जातच नाही, तेव्हा त्याच्याशी लढणाऱ्या सीडी८ टी पेशींच्या (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) ऊर्जेच्या व्यवहारात काय बिघडतं, आणि कधी बिघडतं? ‘काय’वर बरंच काम झालेलं आहे. मला ‘कधी’ जास्त महत्त्वाचं वाटतं. बिघाड सगळ्यात शेवटी येत असेल, तर तो पेशी थकल्याचा परिणाम. पहिल्याच आठवड्यात येत असेल, तर तो थकव्याचं कारण असू शकतो, आणि मग तिथे हात घालता येईल.

डोळ्यांसमोर हिपॅटायटिस बी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग होता, त्यांतले जवळपास २.९८ कोटी भारतात. टेनोफोविरसारखी गोळी विषाणूची वाढ दाबून ठेवते, पण यकृतपेशीच्या केंद्रकात बसलेली त्याची वर्तुळाकार डीएनए प्रत तशीच राहते. म्हणून गोळी वर्षानुवर्षं चालू. ती प्रत बाळगणाऱ्या यकृतपेशी हुडकून संपवणं हे टी पेशींचं काम, आणि नेमक्या त्याच निकामी झालेल्या. इतक्या माणसांच्या अंगात याच कामासाठी घडलेल्या पेशी जिवंत आहेत आणि तरी काही करू शकत नाहीत, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

९ जानेवारी

मॅडम म्हणाल्या, “पिपेट हातात घ्यायच्या आधी एलसीएमव्ही नीट वाच. या विषयातलं जवळजवळ सगळं तिथूनच आलंय.” गेले काही दिवस तेच चाललंय.

एलसीएमव्ही, म्हणजे लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस व्हायरस, हा मुळात उंदरांचा विषाणू. १९३३ मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला मेंदूज्वराची साथ आली होती, तिचा अभ्यास करताना चार्ल्स आर्मस्ट्राँग यांना तो सापडला. त्यांच्या नावाचा वाण उंदराला टोचला की साधारण आठव्या दिवसापर्यंत टी पेशी त्याचा निकाल लावतात. १९८४ मध्ये रफी अहमद, मायकेल ओल्डस्टोन आणि सहकाऱ्यांनी हा संसर्ग कायमचा अंगात असलेल्या उंदरांच्या प्लीहेतून वेगळा वाण काढला, त्याचं नाव क्लोन १३. तो मोठ्या मात्रेत शिरेतून दिला, तर रक्तात दोन-तीन महिने राहतो, मूत्रपिंडात त्याहून जास्त.

दोन्ही वाणांच्या प्रथिनांत मोजकेच फरक आहेत. त्यांतले दोन निर्णायक: बाहेरच्या ग्लायकोप्रोटीनमधला २६० वा अमिनो आम्लाचा घटक आणि पॉलिमरेजमधला १०७९ वा. पहिल्यामुळे विषाणू पेशीला घट्ट चिकटतो, दुसऱ्यामुळे भराभर वाढतो. टी पेशी ज्या तुकड्यांवरून विषाणू ओळखतात, ते मात्र दोन्हींत सारखेच. म्हणजे तीच ओळख असलेल्या टी पेशी एका उंदरात जिंकतात आणि दुसऱ्यात हरतात, आणि आपल्याला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. इतकी स्वच्छ तुलना जीवशास्त्रात क्वचित मिळते.

१९९८ मध्ये अहमद यांच्या गटाने दाखवलं की हरलेल्या पेशी सगळ्याच मरून जात नाहीत. त्या उरतात, विषाणू ओळखतात, फक्त काम करत नाहीत. कामंही एका क्रमाने सुटतात: आधी इंटरल्युकिन-२ बनवणं, मग टीएनएफ, आणि बऱ्याच उशिरा इंटरफेरॉन गॅमा. ही तिन्ही सायटोकाइन, म्हणजे पेशी इतर पेशींना निरोप देण्यासाठी सोडतात ती प्रथिनं. २००६ मध्ये याच गटाने दाखवलं की या पेशींवर पीडी-१ नावाचा लगाम सतत आवळलेला असतो, आणि तो अडवला की पेशी काही प्रमाणात पुन्हा कामाला लागतात. पीडी-१ मुळात तासुकु होंजो यांच्या क्योटोतल्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलेलं. त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आज कॅन्सरच्या वॉर्डात जी इम्युनोथेरपी दिली जाते, तिच्या मुळाशी उंदरांतला हा जुनाट संसर्गही आहे.

१६ जानेवारी

आमच्याकडे क्लोन १३ नाही आणि या प्रकल्पात उंदीरही नाहीत. माणसाच्या पेशी बशीत वाढवून त्यांना सतत चिथावत ठेवायचं, अशी रचना आहे.

सकाळी बफी कोट आला. रक्ताच्या पिशवीतून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे केल्यावर मध्ये उरणारा पांढऱ्या पेशींचा थर म्हणजे बफी कोट. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या निगेटिव्ह आल्यावरच तो आमच्याकडे येतो. फिकॉल नावाच्या दाट द्रवावर अलगद चढवला, ब्रेक बंद ठेवून सेंट्रिफ्यूज केला, मधला धुरकट थर उचलला. मग चुंबकी मण्यांनी नको असलेल्या पेशी बाजूला ओढून घेतल्या. सीडी८ पेशींना कशाचाही स्पर्श न होता त्या मागे राहिल्या.

त्यांचे दोन गट केले. दोघांनाही सीडी३ आणि सीडी२८ च्या प्रतिपिंडांचे मणी दिले, म्हणजे ‘विषाणू दिसला’ हा निरोप. पहिल्या गटातले मणी दोन दिवसांनी काढले. दुसऱ्या गटाला ताजे मणी मिळत राहणार. इंटरल्युकिन-२ दोघांना सारखंच. पहिल्याचं नाव ‘एकदाच’, दुसऱ्याचं ‘सतत’.

२४ जानेवारी

आठवा दिवस. फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीवरची प्रथिनं मोजणारं यंत्र) ‘सतत’ गटात पीडी-१ आणि टिम-३ (तसाच आणखी एक लगाम) दोन्ही चढलेले. यावरून मात्र पेशी थकली असं म्हणता येत नाही. नुकत्याच जाग्या झालेल्या पेशीवरही पीडी-१ असतं. खरी परीक्षा कामाची. दोन्ही गटांना काही तास पुन्हा चिथावलं आणि आत किती सायटोकाइन साठलं ते पाहिलं. ‘सतत’ गटात टीएनएफ आणि इंटरफेरॉन गॅमा दोन्ही बनवणाऱ्या पेशी स्पष्टपणे कमी. फक्त इंटरफेरॉन गॅमा बनवणाऱ्या बऱ्याच. एलसीएमव्हीच्या उंदरांतला क्रम बशीतही ओळखू येतो, याचं फार समाधान वाटलं. बशीतलं मॉडेल म्हणजे संसर्ग नव्हे, हे ठाऊक आहे. पण प्रश्न विचारायला जागा मिळाली.

४ फेब्रुवारी

आज प्रयोग नाही, वाचन. सीहॉर्स या पेशींचं श्वसन मोजणाऱ्या यंत्राकडे वळण्याआधी मूळ मुद्दा स्वतःपुरता स्पष्ट करून घेतला.

शांत टी पेशीचा खर्च थोडा. ती थोडी साखर, थोडी मेदाम्लं माइटोकॉन्ड्रियात जाळते आणि भागवते. विषाणू दिसला की हीच पेशी आकाराने फुगते आणि सहा-आठ तासांत एकदा दुभंगायला लागते. साखर ओढून घेणारे ग्लुट-१ वाहक पृष्ठभागावर येतात, आणि ऑक्सिजन भरपूर असतानाही ती बरीचशी साखर अर्धवट मोडून लॅक्टेट म्हणून बाहेर टाकते. ऑटो वारबुर्ग यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कॅन्सरच्या पेशींत पाहिलं होतं तेच हे.

हिशेब मांडला तर ही उधळपट्टी दिसते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ग्लायकोलिसिसमध्ये हाती लागतात दोन एटीपी; तोच रेणू माइटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळला तर तीसच्या आसपास. मग पेशी असं का करते? एक कारण बांधकामाचं. दर काही तासांनी नवी पेशी उभारायची तर न्यूक्लिओटाइड, पटलांचे मेद, अमिनो आम्लं यांना कार्बन लागतो, आणि तो या वाटेवरूनच वळवून घेता येतो. सगळं जाळून टाकलं तर बांधायला काय उरणार?

दुसरं कारण मला विलक्षण वाटतं. ग्लायकोलिसिसमधलं जीएपीडीएच हे विकर रिकामं असलं की इंटरफेरॉन गॅमाच्या एमआरएनएला जाऊन चिकटतं आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. साखर मोडायचं काम सुरू झालं की ते विकर तिथे गुंततं आणि एमआरएनए मोकळा होतो. एरिका पियर्स यांच्या गटाने हे २०१३ मध्ये दाखवलं. म्हणजे साखर हे नुसतं इंधन नाही. पेशीच्या हातात शस्त्र द्यायचं की नाही, हेही तिथेच ठरतं.

माइटोकॉन्ड्रियाची गरज तरीही संपत नाही. संसर्ग ओसरल्यावर मागे राहणाऱ्या स्मृतिपेशींकडे श्वसनाची भरपूर राखीव क्षमता असते. गरज पडली की त्या एकदम जास्त ऑक्सिजन वापरून जास्त ऊर्जा काढू शकतात, म्हणून दुसऱ्या वेळी झपाट्याने उठतात. ‘सतत’ गटातल्या पेशींची ही राखीव क्षमता मोजणं हे आमचं पहिलं लक्ष्य.

१२ फेब्रुवारी

सीहॉर्सचा दिवस. काल कार्ट्रिज द्रवात भिजवून रात्रभर ३७ अंशांवर, कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलं होतं. टी पेशी तरंगत्या असतात, त्या तळाशी बसवाव्या लागतात, त्यासाठी प्लेटला सेल-टॅकचा लेप दिला. समुद्री शिंपले खडकाला ज्या प्रथिनांनी चिकटून राहतात, त्यांपासूनच हा लेप बनतो. प्रत्येक वेलमध्ये (प्लेटमधल्या खड्ड्यात) सुमारे दोन लाख पेशी, चारही कोपरे पार्श्वभूमीसाठी रिकामे.

यंत्र दोन गोष्टी मोजतं: पेशी किती वेगाने ऑक्सिजन वापरतात आणि भोवतालचा द्रव किती वेगाने आम्ल करतात. पहिली माइटोकॉन्ड्रियाची खूण, दुसरी मुख्यतः ग्लायकोलिसिसची. मग एकामागून एक औषधं सुटतात. ऑलिगोमायसिन एटीपी बनवणारं चाक थांबवतं. ऑक्सिजनचा वापर जितका पडतो, तितका वाटा एटीपीसाठी होता. एफसीसीपी पटलाला गळती लावतं, माइटोकॉन्ड्रिया पूर्ण ताकदीने धावू लागतात, आणि कमाल क्षमता कळते. शेवटी रोटेनोन आणि अँटिमायसिन सगळी साखळी बंद करतात.

नेहमीचा वापर दोन्ही गटांत फारसा वेगळा नव्हता. फरक एफसीसीपीनंतर दिसला. ‘एकदाच’ गटाची रेषा झेपावली, ‘सतत’ गटाची थोडी वर जाऊन तिथेच राहिली. स्वस्थ बसलेल्या पेशीत बिघाड दिसत नाही, ताण दिला की दिसतो.

२० फेब्रुवारी

जर्नल क्लबमध्ये बर्ट्राम बेंग्श, जॉन व्हेरी आणि पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या सहकाऱ्यांचा २०१६ चा शोधनिबंध मी मांडला. या प्रकल्पाचा पाया तोच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्यांनी क्लोन १३ आणि आर्मस्ट्राँग या दोन्ही संसर्गांतल्या, तीच ओळख असलेल्या टी पेशी पहिल्याच आठवड्यात काढून पाहिल्या. तोवर गंभीर थकवा आलेला नसतो. तरीही क्लोन १३ मधल्या पेशी ऊर्जेच्या बाबतीत आधीच मागे पडलेल्या होत्या. साखर कमी आत घेत होत्या, घेतलेली नीट वापरत नव्हत्या, माइटोकॉन्ड्रियाही बिघडलेले. एमटॉर हा वाढीचा हुकूम देणारा संकेत मात्र चालूच होता, आणि बांधकामाची अनेक जनुकं वर चढलेली. घरात धान्य आहे, रांधायचा हुकूमही सुटलाय, पण चूल पेटत नाही, अशी ती अवस्था. मागणी आणि पुरवठा यांतली ही फारकत मला साध्या उपासमारीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण उपाशी पेशी निदान खर्च आवरते.

यामागे पीडी-१. ते पीजीसी-१ आल्फाला दाबतं, आणि नवे माइटोकॉन्ड्रिया घडवणाऱ्या जनुकांची सूत्रं पीजीसी-१ आल्फाच्या हाती असतात. संशोधकांनी टी पेशींत ते कृत्रिमरीत्या वाढवलं तेव्हा पेशींची ऊर्जा आणि काम दोन्ही सुधारलं. पीडी-१ चा जोडीदार पीडी-एल१ अडवल्यावर चयापचय सुधारला, तोही थकलेल्या पेशींच्या एकाच उपगटात.

शेवटी एका ताईने विचारलं, “मग पीडी-१ अडवणं हाच ऊर्जेवरचा उपाय नाही का?” माझ्या मते तो अर्धाच आहे. लगाम सोडला म्हणजे मोडलेले माइटोकॉन्ड्रिया आपोआप दुरुस्त होत नाहीत. कॅन्सरमध्येही पीडी-१ ची औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, त्याचं एक कारण हे असू शकतं.

५ मार्च

एका दात्याच्या पेशींनी विचारात पाडलं. ‘सतत’ गटातही त्यांची राखीव क्षमता बरीच टिकली. त्यावरून चर्चा सायटोमेगॅलोव्हायरसकडे वळली, कारण भारतात बहुतेक प्रौढांच्या अंगात तो असतोच आणि जन्मभर राहतो. वयानुसार त्याच्याविरुद्धच्या टी पेशींची संख्या वाढतच जाते, आणि तरी त्या थकत नाहीत!

हा मुद्दा नीट धरून ठेवायला हवा. ‘संसर्ग लांबला म्हणून पेशी थकल्या’ असं आपण सहज म्हणून जातो. पण सायटोमेगॅलोव्हायरस बहुतेक वेळ सुप्त असतो. अधूनमधून डोकं वर काढतो आणि पेशींना मधल्या काळात विसावा मिळतो. हिपॅटायटिस बी मध्ये विसावा नाही. संसर्गक्षम विषाणूकणांच्या हजार ते लाखपट रिकामे पृष्ठभाग-कण रक्तात सोडले जातात. गोळीने विषाणूची वाढ थांबली, तरी ते प्रथिन येतच राहतं. म्हणून मी आता कालावधीपेक्षा उसंत मिळते की नाही याकडे बघतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या माला मैनी यांच्या गटाने २०१६ मध्ये या दोन विषाणूंविरुद्धच्या टी पेशींची थेट तुलना केली. हिपॅटायटिस बी ओळखणाऱ्या थकलेल्या पेशींवर ग्लुट-१ चढलेलं होतं, त्या साखरेवर अवलंबून होत्या, आणि साखर काढून घेतली की कोलमडत होत्या. सायटोमेगॅलोव्हायरस ओळखणाऱ्या पेशी साखर नसेल तर माइटोकॉन्ड्रियाकडे वळत. इंटरल्युकिन-१२ दिल्यावर पहिल्या पेशींचं साखरेवरचं अवलंबन कमी झालं.

इथे एक विसंगती आहे आणि ती लपवायची नाही. उंदरात थकलेल्या पेशी साखर कमी घेताना दिसल्या, इथे साखरेचे वाहक जास्त. विषाणू वेगळा, प्राणी वेगळा, संसर्गाचं वय वेगळं. दोन्हीकडे सारखं एकच: माइटोकॉन्ड्रियाचा पर्याय हातून गेलेला.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून २०१९ मध्ये आलेलं एचआयव्हीवरचं कामही याच दिशेचं आहे. काही मोजके लोक औषधांशिवाय एचआयव्ही काबूत ठेवतात. त्यांच्या विषाणू ओळखणाऱ्या सीडी८ पेशी एकापेक्षा जास्त इंधनं वापरू शकतात. ज्यांना औषधांची गरज पडते त्यांच्या पेशी मुख्यतः साखरेवर टेकलेल्या. इंधन बदलता येणं हीच ताकद, असं मला वाटू लागलंय.

११ मार्च

माइटोट्रॅकर ग्रीन आणि टीएमआरएम ही दोन रंगद्रव्यं एकत्र लावली. पहिलं माइटोकॉन्ड्रियाचं एकूण प्रमाण दाखवतं, दुसरं त्यांच्या पटलावरचा विद्युतदाब. ‘सतत’ गटात ग्रीन भरपूर आणि टीएमआरएम कमी असलेल्या पेशींचा वेगळा पुंजका दिसतो. प्रमाण आहे, दाब नाही. खराब झालेले माइटोकॉन्ड्रिया पेशी मोडीत काढत नसावी. ग्रीन काही पेशी बाहेर पंप करून टाकतात, त्यामुळे पंप बंद करून पुन्हा पाहिलं. पुंजका जागेवर.

१९ मार्च

सीहॉर्सची मर्यादा आता खुपू लागली आहे. एका वेलमध्ये दोन लाख पेशी, म्हणजे जो आकडा येतो तो दोन लाखांची सरासरी. वरच्या पुंजक्यातल्या पेशी आणि ठणठणीत पेशी एकाच रेषेत मिसळतात. रुग्णाच्या रक्तात तर हिपॅटायटिस बी ओळखणाऱ्या पेशी इतक्या विरळ की सीहॉर्सचा प्रश्नच येत नाही.

म्हणून सेनिथ. मार्सेयच्या राफाएल आर्ग्वेयो यांच्या गटाने २०२० मध्ये मांडलेली ही पद्धत मला फार सुंदर वाटते. पेशी आपल्या एटीपीचा मोठा वाटा, सुमारे अर्धा, प्रथिनं बनवण्यात घालवते. म्हणजे प्रथिननिर्मितीचा वेग हे ऊर्जेचं माप. प्युरोमायसिन हे औषध नव्या प्रथिनात घुसतं, मग प्रतिपिंडाने ते फ्लोवर पेशीगणिक वाचता येतं. नमुन्याचे चार भाग करायचे: एक तसाच, एकात टू-डीजीने साखरेची वाट बंद, एकात ऑलिगोमायसिनने माइटोकॉन्ड्रिया बंद, एकात दोन्ही. साखर बंद केल्यावर प्रथिननिर्मिती जितकी कोसळते, तितकी ती पेशी साखरेवर अवलंबून. आणि एकाच नळीत पीडी-१, टिम-३, टीसीएफ-१ हेही रंगवता येतात, म्हणजे कोणती पेशी कशावर जगते ते कळतं.

पहिल्याच वाचनात ‘सतत’ गट एकसंध नसल्याचं दिसलं. टीसीएफ-१ टिकवून असलेल्या पेशी ऑलिगोमायसिनने जास्त पडतात, म्हणजे त्यांचे माइटोकॉन्ड्रिया अजून कामाचे आहेत. टिम-३ चढलेल्या पेशी टू-डीजीने जवळजवळ थांबतात. टीसीएफ-१ असलेल्या पेशी म्हणजे थकलेल्या गटाचा राखीव साठा. पीडी-१ अडवल्यावर याच दुभंगतात, हे २०१६ पासून माहीत आहे. ऊर्जेच्या भाषेतही त्या वेगळ्या निघाव्यात हे पटण्यासारखं आहे.

२८ मार्च

आज वादाचा दिवस. आम्ही ज्यात पेशी वाढवतो त्या आरपीएमआय माध्यमात लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ११ मिलिमोलरच्या आसपास ग्लुकोज असतं. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या रक्तात साधारण ५. दुप्पट साखरेत ठेवलेल्या पेशी साखरेला चटावल्या तर नवल काय? उंदराच्या अंगात, जड कार्बन लावलेलं ग्लुकोज सोडून जे पाहिलं गेलंय, त्यातही टी पेशी बशीतल्यापेक्षा जास्त साखर माइटोकॉन्ड्रियात जाळताना दिसतात.

५ मिलिमोलरची समांतर बॅच लावली. ‘एकदाच’ गटाला फारसा फरक पडला नाही. ‘सतत’ गटात टीएनएफ बनवणाऱ्या पेशी आणखी घटल्या. जास्त साखर बिघाड झाकत होती. यापुढे सगळं ५ वर. खर्च आणि वेळ वाढणार, पण दुसरा मार्ग मला प्रामाणिक वाटत नाही.

यकृताचा विचार केला तर ५ वरही थांबता येणार नाही. तिथे ऑक्सिजन कमी असतो, आणि मैनी यांच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं की हिपॅटायटिस बी मध्ये प्रतिकार दाबणाऱ्या काही पेशी आर्जिनेज हे विकर सोडून टी पेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवतात. यकृत वाचतं, विषाणूही वाचतो.

९ एप्रिल

‘कधी’चं पहिलं उत्तर. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी मोजलं. राखीव क्षमतेतली घट पाचव्या दिवशी स्पष्ट. त्या दिवशी टीएनएफ अजून शाबूत. म्हणजे आमच्या बशीतही ऊर्जा आधी ढासळते आणि काम नंतर. बेंग्श यांच्या उंदरांशी हे जुळतं. आधी आलं म्हणून ते कारण ठरत नाही, त्यासाठी हस्तक्षेप करून पाहायला हवा.

हस्तक्षेप निवडला एन-ॲसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंटचा. न्यूयॉर्कच्या क्रेग थॉम्प्सन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं होतं की सततच्या चिथावणीने माइटोकॉन्ड्रियातली श्वसनसाखळी मंदावते, घातक ऑक्सिजन-रेणू साठतात, पेशी दुभंगणं थांबवते, आणि हे द्रव्य ते बरंच परतवतं. हिपॅटायटिस बी च्या रुग्णांच्या पेशींवर इटलीतल्या पार्माच्या गटाने २०१७ मध्ये थेट माइटोकॉन्ड्रियात जाणारी अँटिऑक्सिडंट वापरली, तेव्हाही काम सुधारलं.

सुरुवात केव्हा करायची यावर मॅडमशी बराच वेळ बोललो. हेच ऑक्सिजन-रेणू थोड्या प्रमाणात पेशी जागी होण्यासाठी लागतात. पहिल्या क्षणापासून ते पुसले तर पेशी उठणारच नाही. म्हणून जागं होऊ दिल्यावर, दुसऱ्या दिवसापासून द्यायचं एका गटाला, आणि सहाव्या दिवसापासून दुसऱ्याला.

लवकर दिलेल्या गटात पेशींची संख्या आणि टीएमआरएम दोन्ही वर. उशिरा दिलेल्यात फरक दात्यागणिक बदलतो, त्यावर आत्ता काही म्हणणार नाही. ओळखीच्या एक-दोघांनी ‘मग या गोळ्या खायला सुरुवात करावी का’ असं विचारलं. नाही. बशीतल्या पेशींवरून कोणीही स्वतःवर औषध चालवू नये. यकृताच्या रुग्णाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही पूरक घेऊ नये.

२३ एप्रिल

दोन गोष्टी वाचल्या आणि दोन्हींनी आराखडा बदलला.

हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो. मग थकलेल्या टी पेशी विषाणू गेल्यावर पूर्ववत होतात का? २०२१ मध्ये एकाच वेळी आलेल्या तीन अभ्यासांनी सांगितलं: पूर्णपणे नाही. डीएनएची घडी थकलेल्या अवस्थेत जशी बसली होती, तिच्या खुणा उरतात. यामुळे ‘कधी’ हा प्रश्न आणखी टोकदार होतो. ऊर्जेचा बिघाड पहिल्या आठवड्यात आणि घडी नंतर कायमची, तर मधली खिडकी किती?

दुसरं काम व्हिएन्नातल्या आंद्रेआस बेर्गथालेर यांच्या गटाचं. क्लोन १३ ने उंदीर वाळतात, चरबी झडते. खाणं कमी झालं एवढ्याने ते समजावता येत नाही. सीडी८ पेशी काढून टाकल्या तर वाळणं थांबतं. आम्ही टी पेशीला शरीर काय पुरवतं हे विचारत होतो. इथे टी पेशी सगळ्या शरीराचा इंधनसाठा हलवतात. त्याच गटाने दाखवलं की टाइप १ इंटरफेरॉन यकृतातलं युरिया चक्र मंदावतं आणि रक्तातलं आर्जिनिन घटतं, त्याचा फटका टी पेशींना बसतो. यकृत, चरबी आणि टी पेशी यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागणार.

६ मे

पुढच्या टप्प्याचा आराखडा आज मॅडमनी मंजूर केला. रुग्णालयाबरोबरचं काम, हिपॅटायटिस बी चे रुग्ण, पद्धत सेनिथ. आधी पेशी उत्तेजित करून वाढवायच्या नाहीत, रक्त आलं की त्याच दिवशी, ताज्या पेशींवर मोजायचं. गोठवून ठेवलेल्या पेशींचे माइटोकॉन्ड्रिया विश्वासाचे राहत नाहीत.

प्रत्येक रुग्णाच्या एकाच नळीतून दोन प्रकारच्या पेशी पाहायच्या: हिपॅटायटिस बी ओळखणाऱ्या आणि सायटोमेगॅलोव्हायरस ओळखणाऱ्या. रुग्णाचं वय, साखर, औषधं, यकृताची अवस्था सगळं सारखं राहील. बदलेल ती फक्त उसंत. रुग्णांचे दोन गट: टेनोफोविर नव्याने सुरू होणारे आणि ते बरीच वर्षं घेणारे. नव्यांचं रक्त औषधाआधी एकदा आणि मग ठरावीक अंतराने, पृष्ठभाग-प्रथिनाच्या प्रमाणासकट. ते प्रथिन घटतं तेव्हा साखरेवरचं अवलंबन घटतं का, हे पाहायचंय. मधुमेही रुग्ण या टप्प्यात घ्यायचे नाहीत, आणि इंटरफेरॉन घेतलेले किंवा घेत असलेलेही नाहीत, कारण ते औषध स्वतःच चयापचय बदलतं.

संमतिपत्रक मराठीत मी लिहितोय. किती रक्त घेणार, कशासाठी, आणि यातून त्या रुग्णाला स्वतःला लगेच काही फायदा होणार नाही, ही तिन्ही वाक्यं पहिल्याच परिच्छेदात आहेत.